खासगी : राजाची आणि वाचकाची

(वाचनालयाच्या शताब्दी महोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचे लेखरूप)



शताब्दीच्या व्याख्यानासाठी मराठीच्या प्राध्यापकाला बोलावले, म्हणजे तो संतसाहित्यावर किंवा कादंबरीच्या वाटचालीवर बोलणार, अशी आपली अपेक्षा असणे साहजिक आहे. मी मात्र आपल्या देवघेव विभागातल्या नोंदवहीवर बोलणार आहे. त्याचे कारण आधी सांगतो.

पूर्वीचे सभासद काय वाचत होते याची माहिती स्मरणिकेसाठी काढावी, म्हणून कार्यवाहांनी मला कपाटातल्या जुन्या नोंदवह्या पाहावयास दिल्या. त्या चाळताना १९७४ च्या पावसाळ्यातल्या पानांवर माझ्या वडिलांचे नाव दिसले. खानदेशातून सुरतेस येऊन एका गिरणीत हिशेबनीस झालेले माझे वडील एरवी नाटकांची पुस्तके नेत. त्या पावसाळ्यात मात्र क्षयरोगावरचे एकच पुस्तक त्यांनी तीनदा नेले होते. माझी आत्या त्याच वर्षी हवापालटासाठी गावी गेली ती पुन्हा आली नाही, एवढेच आम्हां भावंडांना सांगण्यात आले होते. घराने पन्नास वर्षे झाकून ठेवलेली गोष्ट त्या तीन ओळींनी मला सांगितली. मी वही मिटली. दुसऱ्या कुणाच्या वडिलांचे पान असते, तर मी ते असेच मिटले असते का, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर मला अजून देता आलेले नाही.

त्या काळी घरात क्षय आहे एवढे कळले, तरी मुलींची लग्ने मोडत आणि घरमालक खोली सोडावयास सांगे. ज्या ग्रंथपालांनी स्वतःच्या हाताने त्या नोंदी केल्या, त्यांना सारे उमगले असणारच. त्यांनी ते कुणापाशी बोलून दाखवले नाही. आपल्या संस्थेच्या शंभर वर्षांच्या कामगिरीत या मौनाची गणना कुठल्याही अहवालात झालेली नाही. ती आज मी करतो.

आता ही वही संगणकावर जाणार आहे. नव्या सभासदाकडून आधार क्रमांक व भ्रमणध्वनी क्रमांक घ्यावा, वाचनकक्षात कॅमेरे बसवावेत, आणि देवघेवीची नोंद कायम जतन करावी, असा प्रस्ताव कार्यकारिणीपुढे आहे. हेतू चांगला आहे; पुस्तके हरवतात, वर्गणी थकते, हे मी जाणतो. तरीही या प्रस्तावावर निर्णय होण्यापूर्वी काही गोष्टी आपल्यापुढे ठेवाव्यात असे वाटते.

प्रथम शब्दाचाच विचार करू. ‘खासगी’ हा शब्द आपल्याकडे राजवाड्यातून आला. दरबाराचा खजिना वेगळा आणि राजघराण्याची खासगी वेगळी. १७३४ साली मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे खासगी जहागीर देण्यात आली. पुढे अहिल्याबाईंनी घाट व देवळे बांधली ती या खासगीच्या उत्पन्नातून. म्हणजे ज्याला दुसऱ्याने हात लावू नये असे काही आपल्यापाशी असणे, हा एकेकाळी राजघराण्याचा मान होता. सामान्य रयतेला खासगी नव्हती. तिचे घर, तिची जात, तिचे कर्ज सारे गावाला माहीत. गेल्या शतका-दोन शतकांत हा शब्द राजवाड्यातून उतरून चाळीतल्या खोलीपर्यंत आला, हे लोकशाहीचे मोठे काम आहे असे मी मानतो.

परंतु सत्तेला हे सहजी रुचत नाही. राज्य चालवायचे तर बातमी लागतेच. सुरतेत बसून बहिर्जीचे नाव घेताना आपण मराठी माणसे जरा चाचरतो. पण सुरतेच्या संपत्तीची खबर महाराजांना कुणी दिली, हे सभासदाच्या बखरीत नोंदलेले आहे. तथापि शत्रूच्या ठाण्याची खबर काढणे वेगळे आणि आपल्याच माणसाच्या टेबलाचा खण उघडणे वेगळे.

असा एक खण १९०८ साली उघडला गेला. २४ जून रोजी लोकमान्य टिळकांना मुंबईत अटक झाली आणि पाठोपाठ पुण्यातल्या त्यांच्या घराची झडती झाली. त्यांच्या लेखनाच्या टेबलाच्या खणात पोलिसांना एक कार्ड सापडले. त्यावर स्फोटकांविषयीच्या दोन इंग्रजी पुस्तकांची नावे लिहिलेली होती. पुस्तके नव्हेत, केवळ नावे! राजद्रोहाच्या खटल्यात हे कार्ड पुराव्यात दाखल झाले. त्याच जून महिन्यात सरकारने स्फोटक पदार्थांचा कायदा केला होता. त्यातील ‘स्फोटक’ या शब्दाच्या व्याख्येवर टीका करण्यासाठी ही नावे टिपून ठेवली, असा टिळकांचा खुलासा होता. त्यांनी सुमारे एकवीस तास स्वतःचा बचाव केला. ज्यूरीतल्या सात जणांनी दोषी म्हटले, दोघांनी निर्दोष; आणि २२ जुलैच्या रात्री सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली. शिक्षा कार्डामुळे झाली असे नाही. ती ‘केसरी’तील लेखांसाठी झाली. पण जे पुस्तक वाचावयाचे आहे त्याचे नाव टिपणे, हे माणसाच्या मनाविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येते, हे त्या दिवशी सिद्ध झाले. आपल्या नोंदवहीत अशी किती कार्डे आहेत याचा विचार करा.

कुणी म्हणेल, ते परके सरकार होते. मग युरोपातले एक उदाहरण घेऊ. नेदरलँड्समध्ये नागरिकांची नोंदणी फार व्यवस्थित होती आणि तीत धर्माचाही रकाना होता. नोंद करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. १९४० साली जर्मन सैन्य आले आणि ती तयार कार्डे त्याच्या हाती पडली. ज्यू कुटुंबे शोधण्यास ती उपयोगी पडतात हे ओळखून, २७ मार्च १९४३ रोजी काही चित्रकार, लेखक व विद्यार्थ्यांनी आम्स्टरडॅमच्या नोंदणी कचेरीला आग लावली. त्यांतील बारा जणांना गोळ्या घालण्यात आल्या. त्या देशातील एक लाखाहून अधिक ज्यू मारले गेले. नोंद ठेवणारा सज्जन असून भागत नाही. ती पुढे कोणाच्या हाती जाईल हे त्याला ठरवता येत नाही.

ही आठवण युरोपाने जपली. १९८३ साली जर्मनीच्या घटना न्यायालयाने जनगणनेच्या प्रकरणात निर्णय दिला की, आपल्याविषयीची माहिती कोठे वापरली जावी हे ठरवण्याचा अधिकार मूलतः त्या व्यक्तीचा आहे. सर्व नागरिकांच्या दूरध्वनींच्या नोंदी सरसकट साठवण्याचा युरोपीय संघाचा २००६ चा आदेश तेथील न्यायालयाने ८ एप्रिल २०१४ रोजी रद्द केला. पण प्रश्न संपला नाही. बालकांचे लैंगिक शोषण रोखण्यासाठी खासगी संदेशही तपासावेत, असा प्रस्ताव २०२२ साली तेथे पुढे आला आणि त्यावर मोठा वाद झाला. कारण योग्य असले की पाळतीला विरोध करणे अवघड जाते. आणि कारण बहुधा योग्यच असते.

आपल्याकडे तार अडवण्याचा अधिकार सरकारला १८८५ च्या कायद्याने दिला, आणि त्याच कलमावर पुढे दूरध्वनी ऐकले गेले. त्या कायद्याची जागा आता २०२३ च्या दूरसंचार कायद्याने घेतली आहे. १९९६ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने फोन ऐकण्यावर मर्यादा घातल्या. त्या पाळल्या गेल्या नाहीत म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये एका प्रकरणातले फोन ऐकण्याचे आदेश रद्द केले व ध्वनिमुद्रणे नष्ट करावयास सांगितली. आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले की, खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे. त्या नऊ जणांत न्या. धनंजय चंद्रचूड आणि न्या. शरद बोबडे ही आपली मराठी माणसे होती. आणीबाणीत न्या. यशवंतराव चंद्रचूड ज्या निकालात सहभागी होते, तो चुकीचा होता, असे त्यांच्या चिरंजीवांनी याच निकालपत्रात नमूद केले. खासगीपणा ही सुखवस्तूंची चैन आहे, गरिबाला अन्न हवे, हा युक्तिवादही न्यायालयाने फेटाळला. खासगी राजवाड्यातून चाळीत आली, असे मी म्हणालो, ते या अर्थाने.

आपल्या लिंबायत-उधन्यात येऊन पाहा. यंत्रमागावरचा आपला खानदेशी कामगार आधारकार्डाची प्रत खोलीसाठी देतो, कामासाठी देतो, सिमकार्डासाठी देतो; त्या प्रतींचे पुढे काय होते, हे तो विचारत नाही. माझ्या एका विद्यार्थ्याने फोनवरून पाच हजारांचे कर्ज घेतले. हप्ता चुकला तेव्हा त्याच्या फोनमधल्या प्रत्येक नातेवाइकाला धमकीचे फोन गेले; लग्न ठरलेल्या बहिणीच्या सासरीही गेले. त्याने कॉलेज सोडले. फोनमधील नावांची यादी अशा कर्जदात्यांनी घेऊ नये, असा नियम रिझर्व्ह बँकेने २०२२ साली केला. तो त्या मुलासाठी उशिरा आला. आपल्या शहरात २०१३ पासून पोलिसांचे कॅमेऱ्यांचे जाळे आहे, आणि २०१५ साली चेहरा ओळखणारी यंत्रणाही आली. चोर सापडतात, हे चांगलेच. पण चौकातला कॅमेरा चौकात शोभतो. वाचणाऱ्याच्या खांद्यावरून पुस्तकात डोकावणारा शोभत नाही.

२०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, २०२५ च्या नोव्हेंबरात त्याचे नियम आले. शासनाला त्यात मोठ्या सवलती आहेत आणि त्यावर बोलले गेले पाहिजे. पण दिल्लीचे दिल्ली पाहील. आपल्या दाराला कडी आपणच घालू शकतो. म्हणून कार्यकारिणीला माझी चार गोष्टींची विनंती आहे. सभासदत्वासाठी आधार क्रमांक मागू नये; ओळखीच्या दोन सभासदांची सही शंभर वर्षे पुरली, ती पुढेही पुरेल. पुस्तक परत आले की संगणकातून ते पुस्तक व त्या वाचकाचे नाव यांची जोड पुसून टाकावी. पुस्तक किती वेळा गेले, एवढी संख्या ठेवावी. कॅमेरा दाराशी असावा, वाचनकक्षात नसावा. आणि कायदेशीर लेखी आदेशावाचून कोणालाही, अगदी सभासदाच्या घरच्यांनाही, नोंद दाखवू नये. अमेरिकेत २००५ साली कनेक्टिकट राज्यातल्या चार ग्रंथपालांनी वाचकांची माहिती गुप्तपणे मागणाऱ्या सरकारी पत्राला न्यायालयात आव्हान दिले होते. आपल्याकडून एवढ्या धैर्याची अपेक्षा आज कोणी करीत नाही. माहितीच साठवून ठेवली नाही, तर त्या धैर्याची वेळच येणार नाही.

राहता राहिल्या जुन्या वह्या. इतिहासाचा अभ्यासक म्हणून त्या मला हव्या आहेत, आणि मुलगा म्हणून नको आहेत. त्या जाळू नयेत. मोहोरबंद करून ठेवाव्यात आणि किती वर्षांनी उघडाव्यात ते सर्वसाधारण सभेने ठरवावे. स्मरणिकेसाठी मागितलेली माहिती मी नावे वगळून, केवळ पुस्तकांच्या यादीच्या रूपाने दिली आहे. त्या यादीत क्षयरोगावरचे ते पुस्तक आहे. ते कोणी नेले होते, हे यादीत लिहिलेले नाही.