बंदरातली गोळी आणि पिंपातली गोळी

उरणकरांना न्हावा-शेवा बंदराची नवी ओळख करून द्यायला नको. मी काही वर्षे तिथे कंटेनरना धुरी देण्याचे काम केले. परदेशी जाणाऱ्या मालातून कीड जाऊ नये म्हणून ही धुरी असते. तिच्यासाठी वापरतात त्यातले एक औषध म्हणजे अॅल्युमिनिअम फॉस्फाइडच्या गोळ्या. गोळ्या ठेवल्या की फटी चिकटपट्टीने बंद करायच्या, कवटीचा फलक लावायचा आणि काही दिवस कुणी फिरकायचे नाही. उघडल्यावर वारा खेळू द्यायचा, यंत्राने वायू तपासायचा, मगच माणूस आत.

आणि घरी? फडक्याच्या पुरचुंडीत बांधून तीच गोळी तांदळाच्या पिंपात! उरलेल्या माळ्यावर, बिनझाकणाच्या डबीत. शेजारी पोरांची अंथरुणे.

श्रोतेहो, कीड मारते ती गोळी नव्हे, तिच्यातून सुटणारा फॉस्फिन वायू. तीन ग्रॅमच्या गोळीतून साधारण एक ग्रॅम. तो सुटायला नुसती ओल पुरते, आणि आपल्या खाऱ्या हवेत ओलीला काय तोटा! वास लसणीसारखा किंवा सडक्या मासळीसारखा. आता जिथे अंगणात जवळा आणि बोंबील वाळतात, तिथे या वासाने कोण दचकणार? नोव्हेंबर २०२४ मध्ये चेन्नईजवळ कुंद्रत्तूरला घरात उंदरांचे औषध ठेवले होते. रात्री बंद खोलीत झोपलेली दोन भावंडे दगावली. या वायूवर उतारा नाही. म्हणूनच या गोळ्या सामान्य गिऱ्हाइकाला विकायला मनाई आहे. दुकानदार ओळखीचा असला तरी मागू नका. तांदूळ कडक उन्हात वाळवून, कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून घट्ट झाकणाच्या पिंपात भरा. थोडी किडा-मुंगी झालीच तर चाळणी आहे.

कीटकनाशकांचा कायदा १९६८ साली झाला, त्यामागे एक जहाज आहे. १९५८ साली केरळात शंभरावर माणसे दगावली. जहाजात गव्हाच्या पिठाजवळ ठेवलेले पॅराथिऑन सांडून पिठात मिसळले होते. बिहारात २०१३ साली शाळेतल्या दुपारच्या जेवणाने २३ मुले गेली. त्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक होते. दोन्हीकडे विष कुणी मुद्दाम कालवले नव्हते. ते खाण्याच्या वस्तूंपर्यंत पोचले, एवढेच. तेव्हा औषध सरबताच्या बाटलीत ओतू नका, स्वयंपाकघरात तर ठेवूच नका. बाजारात सुटे मिळते ते घेऊ नका. त्याला लेबल नसते. लेबलावरचा रंगीत चौकोन पाहा. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, आणि हिरवा त्यातल्या त्यात सौम्य. झुरळांचा खडू पाटीवरच्या खडूसारखाच दिसतो, हे घरात लहान मूल असेल तर विसरू नका.

आता उरलेल्या औषधाचे. लागेल तेवढेच आणावे, म्हणजे हा प्रश्नच येत नाही. मोरीत किंवा खाडीत ओतू नये. डास-झुरळांच्या बऱ्याच औषधांत असणारी पायरेथ्रॉइड माणसाला त्या मानाने सौम्य, पण मासळीला फार घातक; आणि करंजा-मोऱ्याचे पोट मासळीवर आहे. रिकामा डबा पाणी भरायला वापरू नये, जाळू नये. भोक पाडून, वेगळा बांधून घंटागाडीवाल्याला सांगून द्यावा. घातक कचऱ्याचा प्रकल्प तळोज्याला आहे, पण ओल्या कचऱ्यात गेलेला डबा तिथवर कसा पोचणार?

कुणाच्या पोटात औषध गेलेच, तर मिठाचे पाणी पाजून ओकारी काढू नका. उंदरांच्या पिवळ्या फॉस्फरसच्या मलमाने माणूस एक-दोन दिवस ठणठणीत दिसतो आणि मग यकृत बिघडते, तेव्हा बरे वाटतेय म्हणून घरी थांबू नका. रुग्णालयात जाताना डबा किंवा निदान लेबल बरोबर न्या. डॉक्टरांचा पहिला प्रश्न तोच असतो: काय घेतले?