घरी पोहोचेपर्यंत सहल

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



सेक्रेटरींनी मला विषय दिला, "जपानमधले अनुभव." म्हटलं, एवढं सगळं सांगत बसले तर सुवर्णमहोत्सव येईल. म्हणून एकाच सहलीबद्दल बोलते. पुढच्या महिन्यात आपल्या बालगोपाळांची सहल आहेच, तिला उपयोगी पडलं तर बरंच.

पुण्यात जपानी शिकून मी तीन वर्षं ओकायामाजवळच्या एका प्राथमिक शाळेत इंग्रजीची साहाय्यक शिक्षिका होते. ओकायामा आपल्याला परकं नाही. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान तिथल्या कोराकुएन बागेवरूनच बेतलेलं आहे. तिथे सहावीच्या वर्गाची एक मुक्कामाची सहल असते. 2013 च्या मे महिन्यात आमच्या शाळेची सहल हिरोशिमाला निघाली आणि मला बरोबर नेलं.

आधी तयारी सांगते. सहलीच्या कितीतरी दिवस आधी दोन शिक्षक जाऊन सगळी वाट पाहून आले. कुठे बस थांबेल, कुठे पाऊस आला तर आडोसा आहे, कुठे किती स्वच्छतागृहं आहेत, सगळं लिहून आणलं. मग प्रत्येक मुलाच्या हातात एक छोटी पुस्तिका आली. ती मुलांनीच चित्रं काढून तयार केली होती. वेळापत्रक, बसमधली जागा, गटातलं प्रत्येकाचं काम. कुणी गटप्रमुख, कुणी वेळ बघणारा, कुणी तब्येतीची चौकशी करणारा. खाऊसाठी तीनशे येनची मर्यादा. एका मुलाने हात वर करून विचारलं, "केळं खाऊत धरायचं का?" सगळा वर्ग हसला. नंतर कळलं, हा प्रश्न म्हणजे जपानमधला जुना विनोद आहे. आपल्याकडे "सर, घरी कधी सोडणार?" हा जसा ठरलेला, तसाच!

आदल्या दिवशी वर्गाच्या खिडकीत पांढऱ्या कापडाच्या छोट्या बाहुल्या टांगल्या होत्या. पाऊस येऊ नये म्हणून. आणि कित्येक आठवडे मधल्या सुट्टीत कागदाचे क्रौंच पक्षी घडवणं चाललं होतं. हजार पक्षी दोऱ्यात ओवून न्यायचे होते. माझ्या पहिल्या दहा पक्ष्यांच्या माना वाकड्याच झाल्या. मुलींनी त्याही ओवल्या.

आता हिरोशिमा. 6 ऑगस्ट 1945 रोजी सकाळी सव्वाआठला त्या शहरावर सुमारे सहाशे मीटर उंचीवर बॉम्ब फुटला. त्या वर्षअखेरपर्यंत सुमारे 1 लाख 40 हजार माणसं गेली, असा अंदाज आहे. हे आकडे आपण पुस्तकात वाचलेले असतात. तिथे उद्यानात, नदीकाठी, त्या घुमटाचा सांगाडा समोर उभा असतो आणि आपल्याबरोबर अकरा-बारा वर्षांची साठ मुलं असतात, तेव्हा आकड्यांकडे लक्षच जात नाही. मुलं काय बघतात इकडे लक्ष जातं.

मुलांच्या स्मारकापाशी आमचे पक्षी वाहिले. सादाको सासाकी बॉम्ब पडला तेव्हा दोन वर्षांची होती. बारा वर्षांची असताना, 1955 मध्ये, ती रक्ताच्या कर्करोगाने गेली. आजारपणात ती कागदाचे पक्षी करत असे. तिच्या वर्गमित्रांनी स्मारकाची कल्पना काढली, देशभरच्या मुलांनी पैसे जमवले आणि 1958 साली स्मारक उभं राहिलं. म्हणजे मोठ्यांनी बांधून मुलांना दाखवलेलं असं ते नव्हे. आमच्या मुलांना हे माहीत होतं, म्हणून ती तिथे ताठ उभी होती.

संग्रहालयात एक डबा आहे. शाळकरी मुलाचा. त्या काळी मुलांना घरं पाडून आगीसाठी मोकळे पट्टे करण्याच्या कामाला लावत. हा मुलगाही त्याच कामावर गेला होता. त्याच्या आईला त्याचा देह सापडला, आणि त्याखाली डबा. आतलं अन्न कोळसा झालेलं. त्या सकाळी तो डबा तिनेच भरून दिला होता.

आणि आमच्या पुढच्या कार्यक्रमात काय होतं? हिरवळीवर बसून जेवण! मुलांनी सतरंज्या पसरल्या, डबे काढले. बराच वेळ कुणी झाकण उघडलं नाही. मग वर्गशिक्षक शांतपणे म्हणाले, "घरच्यांनी पहाटे उठून केलंय. जेवा." तेव्हा जेवली.

त्या वेळी माझ्या शेजारच्या मुलीने विचारलं, "सेन्सेई, तुमच्या देशाकडे हा बॉम्ब आहे का?"

मी वर्गशिक्षकांकडे पाहिलं. ते मदतीला आले नाहीत. म्हटलं, "आहे."

"का?"

मोडक्यातोडक्या जपानीत सांगितलं. 1974 ची चाचणी, 1998 च्या चाचण्या. शेजाऱ्यांशी झालेली युद्धं. त्यांच्याकडेही आहेत. सहा ऑगस्टची आठवण आमच्या संसदेतही ठेवली जाते, हेही सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे भीती वाटते म्हणून?"

"बरंचसं तसंच."

समोरचा एक मुलगा म्हणाला, "तेव्हा आपला देशही दुसऱ्यांच्या देशात जाऊन लढतच होता. पुस्तकात आहे." कुणी कुणाला गप्प केलं नाही. मुलीने मान डोलावली, आणि तिच्या डब्यातला गोडसर अंड्याचा एक तुकडा माझ्या झाकणावर ठेवला.

सहलीनंतर मुलांनी अहवाल लिहिले. तिने लिहिलं होतं, "भारताकडे बॉम्ब आहे. मला आवडलं नाही. पण सेन्सेईंनी विचारल्यावर खरं सांगितलं." देशाच्या धोरणाबद्दल माझं मत तेव्हा होतं तेच आजही आहे, ते इथे सांगत नाही, इथे दोन्ही मतांची माणसं बसली आहेत आणि मला खाली उतरून याच जिन्याने घरी जायचंय. पण मुलं विचारतात तेव्हा "मोठी झालीस की कळेल" म्हणू नये, एवढं मला त्या हिरवळीवर पटलं.

परत आल्यावर शाळेच्या मैदानात मुलांची मोजणी झाली. सर्वांनी बसचालकाला वाकून धन्यवाद दिले. मुख्याध्यापकांनी एकच वाक्य सांगितलं, तिथे प्रत्येक सहलीला सांगतात ते : "घरी पोहोचेपर्यंत सहल असते." म्हणजे रस्ता जपून ओलांडा, आणि जे पाहिलं ते घरच्यांना सांगा.

तेव्हा समितीला माझी विनंती आहे. या वेळच्या सहलीला पुस्तिका मुलांनाच करू द्या. दोघांनी आधी जाऊन जागा बघून या, मी येते. कचरा पिशवीत परत आणू. आणि संध्याकाळी मुलं दमून दारात उभी राहिली की लगेच "हातपाय धू, झोप" म्हणू नका. दहा मिनिटं बसा आणि काय पाहिलं ते विचारा. मग ती जे विचारतील त्याचं खरं उत्तर द्या.

पंचवीस वर्षांत या इमारतीतली किती मुलं मोठी झाली, ती इथेच मागे उभी आहेत. त्यांना आपण काय काय सांगितलं, हे त्यांनाच विचारा एकदा.