जुन्या बोटीला नवे ब्रॅकेट

कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोक्याची ४३ फूट. २००५, २०१९ आणि २०२१ साली नदीने या आकड्यांची काय पत्रास ठेवली, ते करवीर-शिरोळकरांना सांगायला नको. म्हणूनच गावोगावच्या जुन्या फायबर बोटींना नवी इंजिने लावण्याची घाई दर मे महिन्यात होते. इथे पहिला पेच उंचीचा येतो. आखूड दांड्याचे इंजिन १५ इंच उंचीच्या मागच्या फळीसाठी, लांब दांड्याचे २० इंचांसाठी. लांब दांड्याचे इंजिन बुटक्या फळीवर चढवले की पंखा पाच इंच जादा खोल जातो आणि बुडालेल्या उसात, कुंपणाच्या तारांत अडकतो. मग इंजिन उचलून धरणारे ब्रॅकेट करायचे ठरते. माझे म्हणणे असे की, ब्रॅकेटचे माप घेण्याआधी फळीची परीक्षा व्हावी, आणि फळी कच्ची निघाली तर ब्रॅकेट करूच नये.

जुन्या फायबर बोटींची मागची फळी बहुधा आतून प्लायवूडची असते. फायबर फक्त वरचे कातडे. बोल्टच्या भोकांतून वर्षानुवर्षे पाणी झिरपते, प्लाय कुजतो, आणि रंगकामाखाली काही दिसत नाही. हातोडीने ठोकून पाहिले की निरोगी जागा खणखणीत वाजते, कुजलेली बद्द. आता हिशेब मांडू. ब्रॅकेटमुळे ५० किलोचे इंजिन फळीपासून अर्धा मीटर मागे गेले आणि वरच्या-खालच्या बोल्टांत २५ सेंटिमीटर अंतर असले, तर बोट जागेवर उभी असतानाच वरच्या बोल्टांवर १०० किलोची ओढ येते. पंख्याचा रेटा खालून पुढे ढकलतो, म्हणजे तीच ओढ आणखी वाढवतो.

उद्यमनगरात उत्तम वेल्डिंग होते, जाड पत्र्याचे ब्रॅकेट करून घेऊ, असे कुणी म्हणेल. कोल्हापूरच्या कारागिरीबद्दल शंका नाहीच (इथे ऑइल इंजिने घडली आहेत!), पण जाड पत्रा आपले वजनही त्याच बोल्टांवर टाकतो आणि कुजक्या प्लायला बळ देत नाही. दुसरा आक्षेप पैशाचा: फळी नव्याने बांधायला खर्च फार. खर्च आहे खरा. पण पाच इंचांचीच अडचण असेल, तर निरोगी फळीची वरची कड प्लाय आणि फायबरने पाच इंच वाढवणे पुष्कळदा पुरते. इंजिन मागे सरकत नाही, ओढही फारशी वाढत नाही. ब्रॅकेट लावायचेच ठरले, तर भोके मोठी पाडून इपॉक्सीने भरावीत, मग त्यातच पुन्हा पाडावीत, आणि आतल्या बाजूला रुंद पट्टी द्यावी.

ऑगस्ट २०१९ मध्ये ब्रह्मनाळ गावात पुरातून माणसे नेणारी बचावाची बोट उलटली. त्या दुर्घटनेचा ब्रॅकेटशी संबंध मी जोडत नाही. तरी बोटीत माणसे किती घ्यायची, हा प्रश्न तेव्हापासून टाळता येत नाही. इंजिन मागे गेले की मागची कड पाण्याकडे झुकते. तेव्हा ब्रॅकेट बसल्यावर बोट भार घालून पुन्हा पाण्यात तपासावी, आणि बाजूवर रंगवलेला माणसांचा जुना आकडा पुसून जो कमी आकडा येईल तो लिहावा.