मिक्सरला पाइप लावू नका

मूर्तिजापूर, माना, कुरूम, दर्यापूर, या भागात घर बांधायला घेतलेली मंडळी भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "साहेब, स्लॅब टाकायचा आहे, मिक्सर कोणता आणू?" दुसरा प्रश्न व्हायब्रेटर कोणत्या कंपनीचा, हा. तिसरा सहसा नसतोच.

मिक्सरचं लगेच सांगून टाकतो. मिस्त्री ज्याला दहा-सातचा म्हणतात तो आणा. दहा घनफूट कोरडा माल पोटात घेतो, सात घनफूट ओला माल देतो. एक आख्खं पोतं, त्याची रेती आणि गिट्टी त्यात नीट मावते. अर्ध्या पोत्याचा लहान आणलात तर दर खेपेला पोतं फोडून निम्मं अंदाजानं ओतलं जातं, आणि गडबड तिथूनच सुरू होते. माल आत गेल्यावर ड्रम दोन मिनिटं पूर्ण फिरू द्या. भाड्यानं आणायचा आहे, तेव्हा कंपनीची काळजी सोडा. ड्रमच्या आतली पाती झिजलेली नाहीत ना, एवढं हात घालून बघा. अर्थात मशीन बंद असताना.

आता तुम्ही जे विचारत नाही त्याकडे येतो. स्लॅबच्या दिवशी कुठल्याही कामावर जा. मिक्सरच्या तोंडाशी एक पोरगा उभा असतो आणि त्याच्या हातात बोअरचा पाइप असतो. मोटार चालू, पाइप सरळ ड्रममध्ये. वरून मिस्त्री ओरडतो, "पातळ कर रे!" की याचा अंगठा बाजूला. किती पाणी गेलं? त्याला माहीत नाही, मिस्त्रीला माहीत नाही, आणि ज्याचे पैसे लागले तो घरमालक मांडवात चहा वाटत असतो.

मिक्सरला पाइप लावू नका. आजच्या भाषणातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

कारण सांगतो. सिमेंट वाळून घट्ट होतं असं पुष्कळांना वाटतं. ते वाळत नाही, त्याची पाण्याशी रासायनिक क्रिया होते. पन्नास किलोच्या पोत्याला त्या क्रियेसाठी साधारण बारा लिटर पाणी पुरतं. वरचं पाणी आपण घालतो ते माल हलावा, पसरावा म्हणून. ते पुढे उडून जातं आणि जिथं होतं तिथं बारीक पोकळी ठेवून जातं. १९१८ साली अमेरिकेत डफ अब्रॅम्स या अभियंत्यानं असंख्य नमुने फोडून हे दाखवून दिलं की सिमेंटच्या मानानं पाणी जेवढं वाढेल तेवढी काँक्रीटची ताकद उतरते. शंभर वर्षं उलटून गेली, पण आपल्या कामावर ही बातमी पोचायची आहे.

आपल्या भारतीय मानकात, म्हणजे आय. एस. ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीत, आकडा दिलेला आहे. घराच्या स्लॅबला आपण एकास दीड, तीन असा माल घेतो, एम-२० म्हणतात तो. त्याला एका पोत्यामागे जास्तीत जास्त पाणी ३० लिटर. पाइपवाला पोरगा सहज चाळीसपर्यंत जातो. त्या वरच्या दहा लिटरांत तुमच्या स्लॅबची तिसऱ्या हिश्श्याहून अधिक ताकद जाते. सिमेंट तुम्ही महागातलं आणलं होतं, बरं का.

तेव्हा या कामाचं सगळ्यात महत्त्वाचं हत्यार कोणतं म्हणाल, तर बादली. रंगाचा वीस लिटरचा रिकामा डबा घ्या. पाच लिटरच्या कॅननं दोनदा पाणी ओता आणि त्या पातळीवर आतून ऑइलपेंटची रेघ मारा. झालं दहा लिटरचं माप. असे दोन डबे करून मिक्सरजवळ ठेवा आणि शेजारी पाण्याचा ड्रम भरून ठेवा. पाइप ड्रमात, डबा मिक्सरमध्ये. पोत्याला तीन डबे ही वरची हद्द, आणि त्या तिसातच रेतीतलं पाणी धरायचं आहे. रेती बऱ्यापैकी ओली असेल तर एका पोत्याच्या मालात तीच चार लिटर पाणी घेऊन येते, पावसात निथळणारी असेल तर सहा. तेवढं डब्यातून कमी करा.

मिस्त्री ऐकणार नाही, हे मला ठाऊक आहे. तो म्हणेल, "घट्ट माल आमच्याच्यानं वढल्या जात नाही, साहेब." त्याचंही खोटं नाही. घमेलं डोक्यावर घेऊन शिडी चढणाऱ्या माणसाला पातळ माल सोपा जातो. त्यासाठी दुकानात प्लास्टिसायझर मिळतं, मिस्त्रीलोक त्याला नुसतं केमिकल म्हणतात. डब्यावर लिहिलेल्या मापानं ते पाण्यात मिसळा. पाणी न वाढवता माल सैल होतो. दुसरा उपाय व्हायब्रेटर. पण तोही लोक भलत्याच कामाला लावतात, सुई आडवी धरून माल पुढे ढकलतात! काहून बाप्पा? ढकलायला फावडं आहे ना? सुई उभी घाला, बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा, हळूहळू वर काढा, हातभर सोडून पुन्हा घाला. मालात शेकडा पाच हवा राहिली तरी ताकद सुमारे तीस टक्क्यांनी घटते. घराच्या कामाला ४० मिलिमीटरची सुई ठीक. बीममध्ये सळयांची दाटी असेल तर २५ ची. आणि एक सुई जास्तीची आणून ठेवा, कारण ती स्लॅबच्या मधोमधच तुटते. विजेचं तर बोलायलाच नको, पेट्रोलवर चालणारा व्हायब्रेटर बघा.

पुन्हा पाइपकडे येतो, कारण आपल्या भागात त्याचा दुसरा घोटाळा आहे. तो पाइप कुठून येतो? बोअरमधून. आणि आपण राहतो कुठं? पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात. अमरावती, अकोला, बुलडाणा तिन्ही जिल्ह्यांतून हा पट्टा जातो. जे पाणी तुम्ही वरणाला घेत नाही, चहाला घेत नाही, पिकाला द्यायला घाबरता, ते सळईवर ओतता? सळई असलेल्या काँक्रीटच्या पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या वर नको, असं तेच मानक सांगतं. क्लोराइड जास्त झालं की सळई आतून गंजते, गंज फुगतो, आणि काही वर्षांनी छताची खपली खाटेवर पडते. मग लोक म्हणतात सिमेंट डुप्लिकेट होतं. काम काढण्याआधी बोअरचं बाटलीभर पाणी प्रयोगशाळेत द्या आणि क्लोराइडचा आकडा लिहून घ्या. जास्त निघाला तर नळाचं पाणी किंवा गोड्या पाण्याचा टँकर आणा. पोत्याला तीसच लिटर लागतं म्हटल्यावर टँकरचा खर्च वाटतो तेवढा नाही.

आता घमेलं. रेती-गिट्टी घमेल्यानं मोजू नका. सकाळी ते शिगोशीग असतं, दुपारी जेवणानंतर काठोकाठ, आणि चार वाजता कसं असतं ते तुम्ही बघितलंय. मापाची पेटी करून घ्या, आतून ३५ सेंटिमीटर लांब, २५ रुंद, ४० उंच. ती बरोबर ३५ लिटरची होते, म्हणजे एका सिमेंटच्या पोत्याएवढी. दीड पेटी रेती, तीन पेट्या गिट्टी. जरा दमट रेती फुगते, ती पेटीत कमी भरते, हे मिस्त्रीला सांगा.

सळईखाली गिट्टीचे खडे लावू नका, कव्हर ब्लॉक लावा: स्लॅबला २० मिलिमीटर, कॉलमला ४०. मोजायला टेप स्वतःची ठेवा. लेव्हल पाइप स्वच्छ असावा, आत बुडबुडा नसावा. बल्ल्यांखाली काळी माती असेल तर फळ्या घाला.

आता स्लॅब टाकल्यानंतरचं पाणी मारणं, म्हणजे तराई. मागे एका तरुण श्रोत्यानं मला मोठ्या तोऱ्यात विचारलं होतं, "आपल्या लोणी ते मान्याच्या रस्त्यानं तर विश्वविक्रम केला, आणि तुम्ही दहा दिवस पाणी मारायला सांगता?" खरं आहे. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटर लांबीचा एक पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत अंथरला गेला. पण बाबा, ते डांबरी काँक्रीट. ते गरम अंथरतात, रोलर फिरवतात, थंड झालं की काम झालं. सिमेंटचं तसं नाही. आजकाल बहुतेक पोत्यांत राख मिसळलेलं पीपीसी असतं, त्याला किमान दहा दिवस ओलावा हवा. आपला मे महिना तर ठाऊकच आहे, तेव्हा चौदा दिवस धरा. बारदाना अंथरून तो सतत ओला ठेवा किंवा मातीचे वाफे करून पाणी भरा. इथं मात्र पाइप लावा, खुशाल लावा. पण तराईलाही खारं पाणी नको.

ज्यांच्या गावापर्यंत तयार काँक्रीटची गाडी येते त्यांनी गाडीतल्या चालकाला वरून पाणी मारू देऊ नये. माल घट्ट वाटला तर कंपनीच्या माणसाला तिथूनच फोन लावा.

शेवटचं. ओलं सिमेंट कातडी जाळतं. मिक्सरपासून शिडीपर्यंत घमेली वाहणाऱ्या बायांच्या बोटांना संध्याकाळी भेगा पडलेल्या असतात, पायात चपला असल्या तर असतात. रबरी हातमोजे आणि गमबूट हेही या कामाचं सामान आहे. ठेकेदार आणेल म्हणून थांबू नका, तुमच्या यादीत लिहा आणि पहिलं पोतं फोडायच्या आधी वाटा. बायांच्या मापाचे गमबूट वेगळे मिळतात, ते मागून घ्या. दुकानदार पुरुषांचे मोठे देतो आणि शिडीवर पाय घसरतो.