कोंबडी लंगडते तेव्हा

 

आज आम्ही तुमच्याशी कोंबड्यांविषयी चार गोष्टी बोलणार आहोत. विषय लहान वाटेल. पण परसातल्या कोंबड्या म्हणजे घरची लहानशी पेढीच असते. अंडी विकली की मीठमिरची येते. मुलाची वही येते. अडीनडीला एखादा कोंबडा बाजारात नेता येतो.

एका वाडीतल्या काकूंची हकीकत प्रथम सांगतो. त्यांच्या खुराड्यात अकरा कोंबड्या होत्या. त्यांच्या पैशातून मुलीला शाळेचे कपडे व पुस्तके घ्यायची, असा काकूंचा बेत होता. त्यांनी आठवडी बाजारातून आणखी एक तलंग आणली. तीन दिवसांनी ती तलंग झोकांड्या खाऊ लागली. काकूंना वाटले, पाय मुरगळला असेल. त्यांनी हळद-तेल चोळले आणि रात्री तिला सगळ्यांबरोबर खुराड्यात कोंडले. पंधरा दिवसांत बारांपैकी नऊ कोंबड्या गेल्या. आम्ही गेलो तेव्हा काकू म्हणाल्या, "लंगडणं म्हणजे पायाचं दुखणं, एवढंच मला ठाऊक होतं."

मंडळी, इथेच आपण चुकतो. कोंबडी लंगडली म्हणजे दुखणे पायातच असते असे नाही. ते कधी पायात असते, कधी हाडात, कधी खाण्यात, तर कधी मज्जातंतूत. मज्जातंतू म्हणजे मेंदूचा हुकूम पायापर्यंत नेणाऱ्या शिरा. म्हणून आधी नीट पाहावे, मग उपाय करावा.

कोंबडी हातात घ्या आणि तिचा तळवा उलटा करून बघा. काटा किंवा काच रुतली आहे का? बोटाला दोरा गुंडाळला आहे का? तळव्याला गाठ येऊन मध्ये काळी खपली दिसते का? उंच दांडीवरून कठीण जमिनीवर रोज उडी मारली की तळव्याला इजा होते. तिथे घाण जाते आणि गाठ धरते. पाय कोमट मिठाच्या पाण्याने धुवावा. घरच्या घरी चाकू लावू नये. बसायची दांडी गुळगुळीत आणि बुटकी करावी.

लहान पिल्लांचे दुखणे वेगळे. काही पिल्लांचे पाय दोन बाजूंना फाकतात. गुळगुळीत फरशीवर किंवा कागदावर पिल्ले ठेवली की असे होते. खाली गोणपाट घाला. मऊ कापडाची पट्टी घेऊन दोन्ही पाय अंगाखाली राहतील असे सैल बांधा. पहिल्या दोन-तीन दिवसांतच हे केले तर पाय बहुधा सरळ येतात. उशीर झाला तर येत नाहीत.

आता खाण्याकडे वळू. इथे एक खरी घडलेली गोष्ट सांगतो. जावा बेटावर बटाव्हिया नावाचे शहर होते. त्याला आज जकार्ता म्हणतात. तिथे आयकमन नावाचे एक डच डॉक्टर बेरीबेरी या माणसांच्या रोगाचा शोध घेत होते. 1890 च्या सुमारास त्यांच्या आवारातल्या कोंबड्या अडखळू लागल्या. पुढे त्यांना उभेही राहवेना. आणि काही महिन्यांनी त्या आपोआप बऱ्या झाल्या! डॉक्टरांनी चौकशी केली. लष्करी इस्पितळातला उरलेला पांढरा भात कोंबड्यांना घातला जात होता. मग स्वयंपाकी बदलला. लष्कराचा भात बाहेरच्या कोंबड्यांना द्यायला नवा स्वयंपाकी तयार होईना. कोंबड्यांना पुन्हा साधा, कोंड्यासकट तांदूळ मिळू लागला आणि त्या चालू लागल्या.

कोंड्यात असे काय होते? आज आपण त्याला ब-1 जीवनसत्त्व म्हणतो. तांदूळ फार सडला की ते कोंड्याबरोबर निघून जाते. माणसाचा बेरीबेरी रोगही त्याच्याच अभावी होतो. पुढे 1929 साली आयकमन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. बघा, कोंबड्यांच्या पायांनी माणसांचे केवढे काम केले!

यातून आपण काय घ्यायचे? दिवसभर मोकळ्या फिरणाऱ्या कोंबडीला किडा-मुंगी, पाला, दाणा सगळे मिळते. तिला ही वाण सहसा पडत नाही. पण कोंबड्या कोंडून ठेवून नुसता पांढरा भात किंवा कणी घातली, तर पाय लुळे पडू शकतात आणि मान मागे वळून तोंड आभाळाकडे होते. म्हणून गिरणीतला ताजा कोंडा टाकून देऊ नका. तो कोंबड्यांना घाला.

पिल्लांच्या पायाची बोटे आत मुडपली आणि ती घोट्यावर बसून सरकू लागली, तर ब-2 जीवनसत्त्व कमी पडले असे समजावे. हिरवा पाला बारीक चिरून घाला. थोडे ताक द्या. अंडी देणाऱ्या कोंबडीला चुनाही लागतो. अंड्याचे कवच त्याचेच बनते. खाण्यात चुना नसला तर ती आपल्या हाडांतला चुना काढून अंड्याला देते. मग हाडे ठिसूळ होतात आणि कोंबडी बसकण मारते. शिंपल्यांचा चुरा ठेवा, किंवा अंड्यांची टरफले भाजून, कुटून द्या. कोवळे ऊनही हवे. उन्हाशिवाय चुना हाडांना लागत नाही.

खुराड्याच्या फटी दिव्याने तपासा. दिवसा गोचिडी तिथे लपतात आणि रात्री कोंबडीचे रक्त पितात. त्यांच्यामुळेही पाय लुळे पडतात. फटी लिंपून घ्या. तसेच सडके मांस आणि औषध चोळलेले बियाणे कोंबड्यांच्या तोंडी पडू देऊ नका. बियाण्याच्या पिशवीवर काय छापले आहे ते आता तुम्हाला वाचता येते. ते वाचाच.

आता सर्वांत मोठी धास्ती. कोंबडी झोकांड्या खाते, मान मुरडते, गोल गोल फिरते, तोंड उघडून श्वास घेते, हिरवट-पांढरी हगवण लागते, आणि एकीमागून एक कोंबडी मरते. ही मानमोडी. तिलाच राणीखेत रोग म्हणतात. कुमाऊँच्या डोंगरातल्या राणीखेत गावावरून हे नाव पडले. काकूंच्या घरी हाच रोग शिरला होता. त्याला औषध नाही. लस मात्र आहे. पहिली लस पिल्लू आठवड्याचे असताना डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकून देतात. दुसरी दोन महिन्यांच्या सुमारास टोचतात. एका कुपीत शंभर किंवा अधिक कोंबड्यांची लस असते. ती बर्फात आणावी लागते आणि कालवल्यावर लगेच संपवावी लागते. म्हणून साऱ्या वाडीने मिळून एकाच दिवशी लस द्यावी. खर्चही थोडा येतो.

दुसरा एक रोग तरण्या कोंबड्यांना होतो. एक पाय पुढे आणि एक मागे, अशी कोंबडी पसरून पडते. ती खायला बघते, पण उठवत नाही. याला मारेकचा रोग म्हणतात. यालाही औषध नाही. याची लस पिल्लू एक दिवसाचे असतानाच टोचतात. म्हणून विकतची पिल्ले घेताना विचारा, "मारेकची लस दिली आहे का?"

एकदम पुष्कळ कोंबड्या मेल्या, तर तो बर्ड फ्लूही असू शकतो. 2006 च्या फेब्रुवारीत आपल्या नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला तो आला होता. तो माणसालाही होऊ शकतो. अशा कोंबड्या खाऊ नका, विकू नका, उघड्या हाताने धरू नका. गुरांच्या दवाखान्यात लगेच कळवा.

मंडळी, चार गोष्टी ध्यानात ठेवा.

लंगडी कोंबडी दिसली की त्याच घटकेला वेगळी करा. कारण नंतर शोधा.

तिचे दाणापाणी तिच्या तोंडाशी ठेवा. पुष्कळदा कोंबडी रोगाने नव्हे, तर तहानेने मरते.

तिला हाताळल्यावर हात साबणाने धुवा, मगच इतर कोंबड्यांकडे जा.

बाजारातून आणलेली कोंबडी पंधरा दिवस निराळ्या डालग्याखाली ठेवा. मग बाकीच्यांत सोडा.

काकूंच्या उरलेल्या तीन कोंबड्यांपैकी एक पुढे खुडूक बसली. नऊ पिल्ले निघाली. वाडीतल्या सगळ्या घरांनी मिळून लस आणली. काकू आमच्या रात्रीच्या वर्गाला येतात. त्या दिवशी त्यांनी कोळसा घेतला आणि खुराड्याच्या दारावर लस दिल्याची तारीख आपल्या हाताने लिहिली. अक्षर थोडे वाकडे आहे. पण पुढची लस कधी द्यायची, हे आता त्यांना कोणाला विचारावे लागत नाही.

तुमच्याही खुराड्याच्या दारावर अशी तारीख असू द्या.