छपरावरचे हिम

सखल प्रदेशातील मनुष्यास हिमवृष्टी म्हणजे एक देखावा वाटतो. ज्याला त्या हिमाखाली संसार करावयाचा असतो, त्याच्या दृष्टीने ती प्रथम एक काम असते. पावसाचे पाणी उतारावरून आपोआप वाहून जाते. हिम जेथे पडले तेथेच राहते, आणि माणसाने उचलल्यावाचून हलत नाही.

हिमाचल प्रदेशातील लाहौलचे उदाहरण घ्यावे. केलांग आणि त्याच्या आसपासची गावे समुद्रसपाटीपासून सुमारे 3,000 मीटर उंचीवर आहेत. तेथील जुनी घरे धाब्याची. लाकडी तुळयांवर काटक्या, काटक्यांवर माती, आणि ती माती चोपून केलेले सपाट छप्पर. उन्हाळ्यात याच छपरावर धान्य व गवत वाळवतात. हिवाळ्यात मात्र तोच सपाटपणा घरधन्याच्या मानेवर बसतो.

या ओझ्याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. ताजे, कोरडे हिम घनमीटरास साधारण 100 किलोग्रॅम भरते. दहा मीटर लांब व आठ मीटर रुंद छपरावर अर्धा मीटर थर साचला, तर त्याचे वजन 4,000 किलोग्रॅम होते. एका फावड्यात पाच किलोग्रॅम आले असे धरले, तरी आठशे वेळा वाकावे लागेल. आळस करून ते तसेच राहू दिले तर ते दबते, ओले होते आणि घनमीटरास 300 किलोग्रॅमपर्यंत जड होते. त्यावर पुन्हा नवे हिम पडले की तुळया वाकू लागतात. शिवाय चुलीच्या उबेने खालचा थर वितळतो, पाणी मातीत मुरते आणि घरात ठिबकते. म्हणून हिमवृष्टी चालू असतानाच छपरावर चढावे लागते. फावडे लाकडी असलेले बरे, कारण लोखंडी पात्याने धाब्याची माती उखडते.

खाली टाकलेल्या हिमाचा प्रश्न पुढे उरतोच. घरे एकमेकांस लागून असली म्हणजे ते गल्लीत पडते, गल्ली बुजते, आणि मग गोठ्याकडे व पाण्याकडे जाण्याची वाट पुन्हा खणावी लागते.

काश्मीर खोऱ्यात आज बहुतेक घरांवर उतरती पत्र्याची छपरे आहेत. तेथे हिम स्वतःच घसरते. परंतु ते केव्हा घसरेल याचा नेम नसतो. चिल्लई कलानच्या, म्हणजे 21 डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांच्या कडक थंडीत वळचणीखाली उभे राहणे धोक्याचे असते.

या कामाचा एक धोका शरीरातही असतो. थंडीने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात व रक्तदाब वाढतो. त्याच वेळी हातांनी जड ओझे उचलल्याने हृदयावर दुहेरी ताण पडतो. वयस्कर माणसाने थोडे थोडे उचलावे, वारंवार थांबावे, आणि छातीत कळ आल्यास काम तत्काळ सोडावे.

पण नेमके हे काम आज वयस्कर माणसांच्या वाट्यास येत आहे. शिक्षणासाठी व नोकरीसाठी तरुण बाहेर पडतात. अनेक लाहौली कुटुंबे हिवाळा कुल्लूच्या बाजूस घालवतात. 3 ऑक्टोबर 2020 रोजी रोहतांगखालील 9 किलोमीटर लांबीचा बोगदा खुला झाला. पूर्वी हिवाळ्यात महिनोन् महिने तुटणारा संपर्क त्याने बराचसा सांधला, पण छपरावरचे हिम त्याने उचलले नाही. बंद घराचे छप्पर कोणी साफ करावे, हा प्रश्न मागे राहिलेल्या शेजाऱ्यांपुढे प्रत्येक हिमवृष्टीनंतर उभा राहतो.

असे असूनही हिम पडू नये असे तेथील शेतकरी म्हणणार नाही. लाहौल पर्जन्यछायेत आहे. उन्हाळ्यात बटाटा व वाटाणा यांना जे पाणी पाटांनी मिळते, ते हिमाचेच. जानेवारी 2024 मध्ये काश्मीर व हिमाचलाचा बराच भाग दीर्घकाळ कोरडा राहिला, तेव्हा फावडी कोपऱ्यात विसावली, आणि शेतकरी मात्र चिंतेत पडला. पाठ मोडणारे हिम त्याला हवेच असते. त्याची मागणी एवढीच, की ते उपसताना त्याच्या जोडीला आणखी दोन हात असावेत.