मडक्याला टिचकी मारून पाहा

सोनारीत, परंड्यात, भूम-बार्शीच्या बाजूला जे कोणी हे ऐकत आहेत, त्यांना मी आज मडकं कसं पाहावं ते सांगणार आहे. पाहण्याच्या आधी मात्र ते ऐकावं लागतं. नवं, कोरडं, रिकामं मडकं एका हाताच्या तळव्यावर तोलून धरा आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने टिचकी मारा. आवाज खणखणीत आणि थोडा लांबत जाणारा आला, तर माती नीट भाजली आहे. बद्द आवाज आला, तर ती कच्ची राहिली आहे, किंवा कुठे तरी डोळ्यांना न दिसणारा तडा गेला आहे. भाजताना मातीचे कण एकमेकांना धरून बसतात, म्हणून टिचकीचा हादरा सगळ्या अंगातून फिरतो. तडा असला की तो वाटेतच अडतो.

ही परीक्षा आपल्या जिल्ह्याने साऱ्या महाराष्ट्राला शिकवली. तेरचे गोरोबाकाका कुंभार. त्यांच्या घरी संतमंडळी जमली असताना त्यांनी थापटणं हातात घेतलं आणि एकेकाच्या डोक्यावर मारून पाहिलं, ही कथा तुम्ही कीर्तनात ऐकली असेल. नामदेवांना ते सहन झालं नाही आणि त्यांचं मडकं कच्चं ठरलं. गुरूवाचून माणूस कच्चा, असा कथेचा अर्थ आहे हे खरंच, पण मला त्यात रोजच्या कामात मुरलेला कारागीर दिसतो. माणूस पारखायचा म्हटल्यावरसुद्धा त्याच्या हाताला थापटणंच आठवलं.

आता त्या थापटण्याचं खरं काम पाहू. आपल्याला वाटतं, मडकं सगळं चाकावरच होतं. चाकावर होतात ते तोंड, गळा आणि जाड भिंतीचं आखूड अंग. दोऱ्याने कापून ते उतरवतात, थोडं सुकू देतात. मग आतून दगडी गुंडा धरायचा आणि बाहेरून थापटणं मारत जायचं. प्रत्येक फटक्याबरोबर भिंत पातळ होते, पोट फुगतं, बूड गोल होत मिटतं. आत हात घालून बघा. गळ्याजवळ चाकावर फिरलेल्या बोटांच्या वर्तुळाकार रेषा लागतील आणि खाली गुंड्याचे उथळ खळगे. वर चाक, खाली हात. ही सीमा ज्याला बोटांनी सापडली, त्याला मडकं पाहता येऊ लागलं असं मी म्हणेन.

बूड गोल का, हाही प्रश्न विचारा. गोल बुडाला कोपरा नसतो, म्हणून चुलीवर आच सगळीकडे सारखी लागते आणि तडकण्याचा धोका कमी होतो. डोक्यावरच्या चुंबळीत आणि कमरेच्या वळणात गोलच बसतं. घागरीचा गळा अरुंद, कारण विहिरीपासून घरापर्यंत पाणी हिंदकळू नये. रांजणाचं तोंड रुंद, कारण त्यात तांब्या बुडवायचा असतो. खानदेशात मांडे भाजायला खापर चुलीवर पालथं घालतात. तिथे आतली बाजू नव्हे, पाठ कामाला येते. वळण सुंदर दिसतं ते त्याच्यामागे काम असतं म्हणून.

माठ पाणी गार का करतो? मातीत राख आणि लीद मिसळलेली असते. आव्यात सातशे ते नऊशे अंश सेल्सिअसच्या आसपास लीद जळून जाते आणि तिच्या जागी बारीक छिद्रं राहतात. त्यांतून पाणी पाझरतं, बाहेर उडून जातं आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. हवा जितकी कोरडी तितकं हे काम चोख. म्हणून आपल्या भागातल्या चैत्र-वैशाखात जो माठ दात गार करतो, तोच कोकणात नेला तर निम्मंही काम करत नाही. हल्ली माठाला चकचकीत तैलरंग देऊन फुलं काढतात, त्याचं मला फार वाईट वाटतं. छिद्रं बुजली की ती वस्तू माठ राहत नाही.

वापर बदलला की आकार कसा बदलतो, हे पाहायचं तर तेरला जा. बार्शीवरून वाट आहे. तेर म्हणजे जुनं तगर. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात हे नाव आहे. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं शहर, तिथून कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराला जायचं. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात त्या काळच्या मातीच्या वस्तू आहेत. पांढऱ्या चिकणमातीच्या लहान स्त्रीमूर्तींपाशी जास्त वेळ थांबा. त्या चाकावरच्या नव्हेत. पुढचा आणि मागचा असे दोन साचे, दोन अर्धे दाबून जोडलेले. जोड कुठे आला असेल ते शोधा, मग केसांची रचना आणि कानातले दागिने बघा.

त्याच व्यापारातून भूमध्य समुद्राकडचे उंच कुंभ आपल्याकडे आले. त्यांना अँफोरा म्हणतात. नेवाशाच्या उत्खननात त्यांचे तुकडे मिळाले. त्यांचं बूड निमुळतं, टोकदार असतं. जमिनीवर ते एकटे उभे राहत नाहीत, पण जहाजाच्या पोटात एकात एक अडकून घट्ट बसतात. आपल्या घागरीला डोक्याने आकार दिला, त्यांच्या कुंभाला जहाजाने. रोममध्ये तेलाचे असे रिकामे कुंभ फोडून टाकत गेले, त्यांची टेकडी झाली. मोंते तेस्ताच्चो नावाने ती अजून उभी आहे. प्राचीन अथेन्समध्ये तर फुटक्या खापराचा तुकडाच मतपत्रिका होता. नको असलेल्या पुढाऱ्याचं नाव त्यावर कोरायचं आणि पुरेशी मतं पडली तर त्याला दहा वर्षं शहराबाहेर राहावं लागायचं.

आता परत आपल्याकडे, इनामगावला. पुणे जिल्ह्यात, घोड नदीकाठी. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे खोदकाम केलं. इ.स.पू. १४०० ते १०००च्या सुमाराची, जोर्वे नावाने ओळखली जाणारी भांडी तिथे निघाली. लाल अंग, त्यावर काळ्या रेघांची नक्षी, टिचकी मारली तर धातूसारखा नाद. पण मी थांबतो ते दुसऱ्याच मडक्यांपाशी. घरातलं लहान मूल गेलं की तिथली माणसं त्याला दोन मडक्यांत ठेवत, मडक्यांची तोंडं एकमेकांना भिडवत आणि घराच्याच जमिनीखाली पुरत. गावाबाहेर नाही, घरात. एक प्रौढ माणूस तर चार पायांच्या, पोट पुढे आलेल्या मोठ्या रांजणात मांडी घालून बसवलेला सापडला. धान्य ठेवायचं त्याच मातीत त्यांनी आपली माणसं ठेवली. आजही चितेभोवती खांद्यावर भरलेलं मडकं घेऊन फिरतात. संक्रांतीला सुगडं लागतात, अक्षय्य तृतीयेला करा-केळी, नवरात्रात घट. स्टीलची भांडी घराघरांत पोचली, पण या जागा त्यांना मिळालेल्या नाहीत.

शेवटी एक नायजेरियातली गोष्ट सांगतो, कारण ती आपल्या शेतकऱ्यांच्या थेट उपयोगाची आहे. मुहम्मद बाह अब्बा या शिक्षकाने १९९०च्या दशकात, विजेवाचून भाजी टिकवण्यासाठी मडक्यात मडकं ठेवण्याची जुनी पद्धत नव्याने रुजवली. एका मोठ्या मडक्यात लहान मडकं ठेवायचं, मधल्या फटीत वाळू भरायची, वाळू ओली ठेवायची, वर ओलं फडकं टाकायचं. तीन दिवसांत सुकणारी वांगी २७ दिवस टिकल्याची नोंद झाली. तिथली हवा कोरडी आहे आणि आपली उन्हाळ्यातली हवाही तशीच. कुंभाराकडून दोन मडकी घेताना लहान मडक्याभोवती चार बोटं वाळू बसेल एवढा फरक बघा. दोन्ही बिनरंगाची घ्या, वाळू नदीतली धुतलेली वापरा. जोडी सावलीत पण वाऱ्याच्या तोंडाशी ठेवा आणि सकाळ-संध्याकाळ वाळूवर पाणी घाला.